दोन पेप्टाइड्स, एक शेपूट: सेमॅक्स आणि सेलँक यांची तुलना कशी करायची?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

मागच्या वेळी आपण चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात ते पाहिलं. ग्लुटामेट, गाबा, डोपामिन ही नावं तुमच्या लक्षात असतील. शेवटी प्रश्नोत्तरांच्या वेळी एका पालकांनी एक प्रश्न विचारला आणि वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला. त्यांचा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. त्याच्या मित्रांमध्ये सेमॅक्स आणि सेलँक अशी दोन नावं फिरताहेत. इंटरनेटवरून छोटी कुपी मागवता येते, तिच्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं. एक म्हणे स्मरणशक्तीसाठी, दुसरं भीती आणि ताण कमी करण्यासाठी. त्यांचा प्रश्न साधा होता: "दोघांतलं चांगलं कोणतं?"

आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे. उत्तर शेवटी देऊ. पण 'चांगलं कोणतं' हे ठरवण्याआधी आपण नक्की कशाची कशाशी तुलना करतोय ते बघायला हवं. आणि गंमत अशी, की या दोन रेणूंच्या बाबतीत तेच सगळ्यात अवघड काम आहे.

नियामक पेप्टाइड म्हणजे काय?

प्रथिनं अमिनो आम्लांच्या साखळीची बनलेली असतात, हे शाळेत शिकलोय. साखळी लांब असली की आपण तिला प्रथिन म्हणतो, आखूड असली की पेप्टाइड. यातली काही पेप्टाइड्स शरीरात निरोप्याचं काम करतात. कुठल्या पेशीने किती काम करायचं, कधी थांबायचं, हे ती ठरवतात. म्हणून त्यांना नियामक पेप्टाइड्स म्हणायचं. ऑक्सिटोसिन, व्हासोप्रेसिन, एनकेफॅलिन ही सगळी त्याच घराण्यातली.

यांची एक मोठी अडचण आहे. रक्तात आणि ऊतींमध्ये पेप्टाइड कापणारी एन्झाइम्स सतत फिरत असतात. निरोप पोचला, की निरोप्याला संपवायचं, अशी ती व्यवस्था आहे. शरीराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. प्रयोगशाळेत मात्र पंचाईत होते, कारण आपण टोचलेलं पेप्टाइड काही मिनिटांतच तुकडे होऊन जातं. मग संशोधक काय करतात? नैसर्गिक साखळीतला कामाचा तुकडा घेतात, त्यात थोडा बदल करतात आणि तो जास्त टिकेल असा बनवतात. हे झालं कृत्रिम नियामक पेप्टाइड. अशा साखळ्या हव्या तशा बनवणं सोपं झालं ते ब्रूस मेरिफिल्ड यांच्यामुळे. साखळीचं एक टोक घन मण्याला बांधून एकेक अमिनो आम्ल जोडत जायची पद्धत त्यांनी १९६३ मध्ये मांडली. १९८४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दोन वेगळी माहेरं

आता आपल्या दोन रेणूंकडे येऊ. दोन्ही मॉस्कोत, रशियन विज्ञान अकादमीच्या रेण्वीय आनुवंशिकी संस्थेतल्या कामातून आले. इगोर अश्मारिन आणि निकोलाय म्यासोएदोव ही त्या कामातली मोठी नावं.

सेमॅक्सचं मूळ आहे एसीटीएच या संप्रेरकात. पिट्युटरी ग्रंथीतून येणारं हे ३९ अमिनो आम्लांचं संप्रेरक ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल सोडायला सांगतं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला डेव्हिड दे वीद यांनी १९६० च्या दशकात एक गोष्ट दाखवली. पिट्युटरी काढलेले उंदीर धोका टाळायला हळू शिकतात आणि एसीटीएच दिलं की सुधारतात. पुढे दिसलं की त्यासाठी सगळं संप्रेरक लागतच नाही. चौथ्या ते दहाव्या अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो आणि तो तुकडा ॲड्रिनलला जवळपास हात लावत नाही. म्हणजे एकाच साखळीत दोन निरोप होते, आणि ते वेगळे करता आले. मॉस्कोच्या गटाने त्यातली चौथी ते सातवी, अशी चारच अमिनो आम्लं घेतली: मेथिओनिन, ग्लुटामिक आम्ल, हिस्टिडिन, फेनिलअॅलानिन. त्यापुढे तीन जोडली: प्रोलिन, ग्लायसिन, प्रोलिन. सात मण्यांची माळ झाली. हे सेमॅक्स.

सेलँकचं माहेर अगदी वेगळं, रोगप्रतिकारशक्तीच्या मुलखातलं. १९७० मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात व्हिक्टर नज्जर आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड वर्णन केलं. विद्यापीठाच्या नावावरून त्याला टफ्ट्सिन म्हणतात. ते आपल्याच आयजीजी प्रतिपिंडाच्या जड साखळीतून कापून निघतं आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना चेतवतं. त्याची साखळी अशी: थ्रिओनिन, लायसिन, प्रोलिन, आर्जिनिन. मॉस्कोच्या गटाने याच्याही मागे तेच तीन मणी ओवले: प्रोलिन, ग्लायसिन, प्रोलिन. हे सेलँक.

म्हणजे बघा, एक तुकडा संप्रेरकातला आणि दुसरा प्रतिपिंडातला. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण शेपूट तंतोतंत तीच.

शेपटीचं काम काय?

साडीच्या काठाला आपण आतून फॉल लावतो. का? काठ जमिनीला घासून झिजू नये म्हणून. ही तीन अमिनो आम्लांची शेपूट त्या फॉलसारखी आहे. प्रोलिनची रचना कडीसारखी वळलेली असते, त्यामुळे तिच्याजवळचा बंध तोडणं बऱ्याच एन्झाइम्सना जमत नाही. टोकाकडून साखळी कुरतडणाऱ्या एन्झाइम्सना तिथे अडखळावं लागतं.

पण उपमा इथेच थांबवायला हवी. फॉलला स्वतःचं काही म्हणणं नसतं. या शेपटीला आहे! प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिन हा तुकडा कोलॅजेनच्या विघटनातूनही शरीरात तयार होतो. अश्मारिन यांच्याच गटाने अशा छोट्या तुकड्यांना 'ग्लायप्रोलिन्स' नाव देऊन त्यांचे स्वतंत्र परिणाम अभ्यासले, उदाहरणार्थ जठराच्या अस्तराचं संरक्षण. याच तुकड्याचं एक ॲसिटिल जोडलेलं रूप न्यूट्रोफिल पेशींना दाहाच्या जागी बोलावतं, हेही माहीत आहे. शिवाय सेमॅक्स शरीरात कापलं जातं तेव्हा शेवटची पाच अमिनो आम्लं असलेला तुकडा आणि ही मोकळी शेपूट, असे तुकडे मागे राहतात. रशियन निबंधांत सेमॅक्सच्या एका मात्रेचा परिणाम २० ते २४ तास टिकतो असं दिलंय. मूळ रेणू मात्र त्याच्या कितीतरी आधी तुटलेला असतो. मग परिणाम कोणाचा? अख्ख्या रेणूचा, तुकड्यांचा, की रेणूने सुरू करून दिलेल्या पुढच्या घटनांचा?

इथे तुलनेचा पहिला नियम मिळतो. समजा, सेमॅक्स आणि सेलँक या दोघांनी एकच परिणाम दाखवला. तो डोक्याचा की शेपटीचा, हे सांगायला उंदरांचे दोन गट पुरत नाहीत. किमान चार लागतात: सेमॅक्स, सेलँक, नुसती शेपूट आणि नुसतं सलाइन. शक्य असेल तर शेपूट नसलेले मूळ तुकडेही. एखादा निबंध हातात आला की आधी हे गट मोजा. शेपटीचा गट नसेल, तर 'दोन्ही पेप्टाइड्स सारखं काम करतात' या वाक्यातून फारसं काही हाती लागत नाही.

एक मिलिग्रॅम म्हणजे किती?

आता थोडं वाण्याचं गणित करू. वाणी तूप देताना आधी डब्याचं वजन वजा करतो. पेप्टाइडच्या भुकटीत हे विसरलं जातं.

सेमॅक्सचं रेणुभारमान सुमारे ८१४, सेलँकचं सुमारे ७५२. म्हणजे शुद्ध पेप्टाइड एक-एक मिलिग्रॅम घेतलं, तर सेमॅक्सचे १.२३ मायक्रोमोल येतात आणि सेलँकचे १.३३. वजन सारखं, पण सेलँकचे रेणू साधारण आठ टक्के जास्त. फार मोठा फरक नाही, असं वाटेल.

थांबा जरा. बाजारातली भुकटी शुद्ध पेप्टाइडची नसते. शुद्धीकरणात ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल वापरतात आणि ते पेप्टाइडच्या आम्लारिधर्मी जागांना क्षाररूपात चिकटून येतं. सेमॅक्समध्ये अशा जागा दोन: साखळीचं सुरुवातीचं टोक आणि हिस्टिडिन. सेलँकमध्ये तीन: टोक, लायसिन आणि आर्जिनिन. प्रत्येक जागेवर या आम्लाचा एक रेणू, वजन ११४, असं धरून गणित करा. सेमॅक्सचा क्षार १०४२ चा होतो आणि त्यात पेप्टाइड ७८ टक्के. सेलँकचा क्षार १०९४ चा आणि त्यात पेप्टाइड ६९ टक्के. आता एक मिलिग्रॅम भुकटीत सेमॅक्सचे ०.९६ मायक्रोमोल आणि सेलँकचे ०.९१. आधी सेलँक पुढे होतं, आता सेमॅक्स पुढे गेलं! आणि यात भुकटीने हवेतून शोषलेलं पाणी अजून धरलेलंच नाही.

इथे एक फसवा आकडा असतो. कुपीसोबतच्या कागदावर 'शुद्धता ९८ टक्के' लिहिलेलं असतं. ती शुद्धता म्हणजे आलेखात दिसणाऱ्या पेप्टाइडजन्य पदार्थांपैकी किती भाग हव्या त्या पेप्टाइडचा आहे, एवढंच. क्षार आणि पाणी त्यात मोजलं जात नाही. खरं पेप्टाइड किती, हे 'निव्वळ पेप्टाइड प्रमाण' या वेगळ्या आकड्यावरून कळतं. चांगल्या प्रयोगशाळेत मात्रा त्यावरून ठरवतात आणि मोलमध्ये लिहितात.

सेमॅक्सची आणखी एक नाजूक बाजू आहे. त्याच्या सुरुवातीलाच मेथिओनिन आहे, आणि त्यातल्या गंधकाला हवेतला ऑक्सिजन पटकन चिकटतो. वस्तुमान वर्णपटात मूळ शिखराच्या पुढे १६ एककांवर दुसरं शिखर उभं राहिलं, की समजायचं, माल ऑक्सिडाइझ होतोय. सेलँकमध्ये मेथिओनिन नाही, त्यामुळे ही काळजीही नाही. सहा महिने फ्रीजमध्ये ठेवलेल्या दोन कुप्यांची तुलना केली आणि सेमॅक्स कमी पडलं, तर दोष रेणूचा की साठवणुकीचा?

धीट उंदीर की हुशार उंदीर?

आता रसायनशास्त्रातून वर्तनाकडे येऊ. स्मरणशक्ती मोजायची एक जुनी चाचणी आहे. दोन कप्प्यांची पेटी, एक उजेडाचा, एक अंधाराचा. उंदराला अंधार आवडतो, तो तिकडे जातो. तिथे पायाला सौम्य विजेचा झटका बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडाच्या कप्प्यात ठेवायचं आणि अंधारात जायला तो किती वेळ घेतो ते मोजायचं. जास्त वेळ घेतला, तर त्याला आठवतंय, असा अर्थ लावतात.

पण विचार करा. चिंता कमी करणारं पेप्टाइड दिलं, तर उंदराला झटका नीट आठवत असूनही भीती कमी वाटेल आणि तो बिनधास्त आत जाईल. कागदावर लिहिलं जाईल, 'स्मरण बिघडलं'. उलट एखाद्या पदार्थाने उंदीर जास्त घाबरट झाला, तर तो दारातच थबकेल आणि कागदावर लिहिलं जाईल, 'स्मरण सुधारलं'. म्हणून एका चाचणीवर भागत नाही. सोबत जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवरची अधिक चिन्हाच्या आकाराची पट्टी लागते, जिच्या दोन बाजू उघड्या आणि दोन भिंतींच्या असतात. तिथे भीती मोजता येते. मोकळ्या चौकात हालचाल किती होते तेही बघावं लागतं, कारण पेंगलेला उंदीरही कुठे जात नाही. सेमॅक्सवर 'स्मरण' आणि सेलँकवर 'चिंता' अशी चिठ्ठी लावली जाते. दोन्ही पेप्टाइड्सना या तिन्ही चाचण्यांतून एकाच प्रयोगात नेल्याशिवाय ती चिठ्ठी पक्की म्हणता येत नाही.

पेशींच्या आत काय दिसतं?

सेमॅक्सबद्दल सर्वांत जास्त सांगितला जाणारा निष्कर्ष २००६ चा आहे. उंदराच्या नाकात, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मायक्रोग्रॅम दिलं. हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ हे चेतापेशी जगवणारं प्रथिन जास्तीत जास्त १.४ पट झालं आणि त्याच्या ग्राहकाची सक्रियता १.६ पट झाली. सेलँकनेही हिप्पोकॅम्पसमधल्या बीडीएनएफवर परिणाम होतो असं २००८ मध्ये दाखवलं गेलं, पण तिथे मात्रा कितीतरी मोठ्या होत्या. म्हणजे 'दोन्ही बीडीएनएफ वाढवतात' हे वाक्य बरोबर असलं, तरी 'म्हणून दोन्ही सारखी' हे त्यातून निघत नाही.

सेलँकच्या बाजूने २०१६ चं एक काम आहे. उंदराच्या मेंदूच्या पुढच्या भागात, चेतासंदेशांशी संबंधित ८४ जनुकं तपासली. मात्रा होती किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम. तासाभराने सेलँकमुळे झालेले बदल आणि गाबामुळे झालेले बदल यांत साम्य दिसलं. चिंता कमी होण्याशी हे जुळतं. पण ८४ जनुकं तपासताना पाच टक्क्यांची नेहमीची मर्यादा लावली, तर निव्वळ योगायोगानेही चारेक जनुकं 'बदललेली' दिसणार, हे वाचताना ध्यानात ठेवायचं.

आणखी एक समान धागा आहे. दोन्ही पेप्टाइड्स एनकेफॅलिन तोडणाऱ्या एन्झाइम्सना रोखतात, असं मानवी रक्तद्रवात २००१ मध्ये दाखवलं. निम्मं काम थांबवायला सेमॅक्स १० मायक्रोमोलर लागलं, सेलँक २०. ऐकायला छान वाटतं. पण १० मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे आठ मिलिग्रॅम. नाकात टाकलेल्या थेंबातून मेंदूत तेवढी पातळी गाठली जाते का, हे वेगळं दाखवावं लागेल. परीक्षानळीत घडतं ते डोक्यात घडतंच असं नाही.

उंदरापासून माणसापर्यंत

या दोन्ही औषधांना रशियात मान्यता आहे. सेमॅक्स ०.१ आणि १ टक्क्याच्या नाकातल्या थेंबांच्या रूपात पक्षाघातासारख्या आजारांत वापरतात. सेलँक ०.१५ टक्क्याच्या थेंबांत, चिंतेच्या विकारांसाठी. अमेरिकेच्या एफडीएची मान्यता दोघांपैकी एकालाही नाही. सेलँकची २००८ ची एक चाचणी नेहमी पुढे केली जाते. तीत ६२ रुग्ण होते, ३० जणांना सेलँक आणि ३२ जणांना मेडाझेपाम. चिंता दोन्हीकडे कमी झाली. पण कोरे थेंब घेणारा तिसरा गट तिथे नव्हता. चिंतेच्या विकारात नुसत्या उपचाराच्या आशेनेही बरंच बरं वाटतं, त्यामुळे औषधाचा स्वतःचा वाटा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

मूलभूत काम बहुतेक एकाच देशातल्या मोजक्या गटांकडून आलेलं आहे. त्यामुळे ते खोटं ठरत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी, तेच निकाल पुन्हा मिळाले की विश्वास वाढतो. ती पायरी इथे बरीचशी बाकी आहे.

ही पायरी इतकी महत्त्वाची का? दोन भावंडांच्या गोष्टी ऐका. ऑर्ग २७६६ हे एसीटीएचच्या त्याच भागावरून बनवलेलं डच पेप्टाइड, सेमॅक्सचं चुलत भावंड म्हणा ना. त्यात मेथिओनिन मुद्दामच आधी ऑक्सिडाइझ केलेलं होतं आणि एक अमिनो आम्ल आरशातल्या उलट्या रूपाचं वापरलं होतं. कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिनमुळे होणारी नसांची इजा त्याने टळते, असं १९९० मध्ये छोट्या चाचणीत दिसलं. सगळ्यांना आशा वाटली. नंतरच्या मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. दुसरं दाव्हुनेटाइड, आठ अमिनो आम्लांचं, तेही नाकातून द्यायचं. उंदरांत निकाल उत्तम होते. मग पीएसपी या मेंदूच्या गंभीर आजाराच्या ३१३ रुग्णांवर ५२ आठवड्यांची चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल छापून आला: कोऱ्या फवाऱ्यापेक्षा काही फरक नाही. त्या कुटुंबांनी वर्षभर दिवसातून दोनदा फवारा दिला असेल, याचा विचार करा.

नाकाच्या वाटेबद्दलही एक सांगायला हवं. उंदराच्या नाकाच्या आतल्या पृष्ठभागाचा सुमारे निम्मा भाग वास ओळखणाऱ्या अस्तराचा असतो, आपल्या नाकात तो दहा टक्क्यांहूनही कमी. मेंदूकडे जाणारी थेट वाट त्याच अस्तरातून जाते. उंदराचं नाक हे माणसाच्या नाकाचं लहान रूप नव्हे.

मग उत्तर काय?

आता त्या पालकांकडे येतो. 'दोघांतलं चांगलं कोणतं' याचं आजचं प्रामाणिक उत्तर असं: प्रयोगशाळेत दोन्ही उपयोगी आहेत, कारण ती दोन वेगळे प्रश्न विचारायची साधनं आहेत. सेमॅक्समुळे संप्रेरकाचा तुकडा मेंदूत काय करतो ते तपासता येतं. सेलँकमुळे प्रतिकारशक्ती आणि चिंता यांतला धागा शोधता येतो. निरोगी विद्यार्थ्याचे गुण यातल्या कशाने वाढतात, असं म्हणण्याइतका पुरावा दोघांपैकी कोणाच्याही बाजूला नाही.

आणि कुपीवरचं 'फक्त संशोधनासाठी' हे वाक्य नीट वाचा. ती कुपी निर्जंतुक असल्याची, तिच्यात जीवाणूंची विषद्रव्यं नसल्याची, आत नक्की किती पेप्टाइड आहे याची हमी तुम्हाला कोणी दिलेली नाही. उंदरावर वापरायचं तरी आपल्याकडे संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, मात्रा लिहावी लागते, कारण द्यावं लागतं. उंदरासाठी एवढी काळजी घ्यायची आणि घरातल्या मुलाच्या नाकात मात्र मित्राच्या सांगण्यावरून थेंब टाकायचे, हे कसं चालेल? मुलाला झोप येत नसेल, अभ्यासाची धास्ती बसली असेल, तर डॉक्टरांकडे न्या. त्यावर तपासलेले उपाय आहेत. आणि त्याच्याशी बोला. कुपी मागवावीशी वाटली, म्हणजे तो आतून किती ताणाखाली आहे, हे त्याने तुम्हाला सांगितलंच आहे.

पुढच्या वेळी याच धाग्याने एनकेफॅलिन आणि वेदना यांच्याकडे जाऊ. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. आजचं व्याख्यान एका प्रश्नातूनच उभं राहिलं.